डोस गावाकडे, दाखला फडात

२७ नोव्हेंबर २०२१च्या राज्य आदेशानुसार, लोकांची ये-जा असलेल्या आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना कोविड लशीचे दोन्ही डोस आणि त्यावर १४ दिवस पूर्ण हवे होते. कर्मचारी कायम की कंत्राटी, हा प्रश्नच नव्हता.

पण दोन डोस पूर्ण करण्याची खरी कसरत फिरत्या मजुराची. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा अंतर ८४ दिवसांचं. बीडला सप्टेंबरात पहिला डोस घेतलेल्या ऊसतोड मजुराचा दुसरा थेट डिसेंबरात, सातारा-सांगलीच्या फडात असताना. डोस देशात कुठंही घेता येई. पण कोविन पोर्टलवर मोबाइल नंबर टोळीच्या मुकादमाचा असेल तर दाखल्याचा ओटीपी त्याच्याच खिशात! शिवाय तेव्हा एका नंबरवर चौघांचीच नोंद होई. टोळी त्याहून मोठी.

एप्रिल २०२२च्या सुरुवातीला राज्यातले निर्बंध उठले. लस कुणावर सक्तीने लादता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ मेचा. तोवर अनेक कारखान्यांचा हंगाम सरत आला होता.