छोट्या शहरातील पोलीस ठाणे : मनुष्यबळ आणि देखरेखीचे नियोजन

मनुष्यबळ नियोजन शिकवताना आपण बहुधा कारखान्याचे उदाहरण घेतो. या पाठात तालुक्याच्या गावचे पोलीस ठाणे घेऊ. मागणी घटली तर कारखान्यात एक पाळी कमी करता येते. ठाण्यात रात्री तीन वाजता एकही तक्रार आली नाही, तरी तिथे माणूस बसलेला लागतोच. पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने पदांची नावे आणि रजेचे नियम राज्यागणिक बदलतात. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे हीच.

आधी एक प्रश्न. कोठडीवर चोवीस तास एक पहारेकरी ठेवायचा आहे आणि पाळी आठ तासांची आहे. किती शिपाई लागतील? वर्गात हमखास उत्तर येते, तीन. आता मोजून पाहा.

एका जागेसाठी वर्षाला ३६५ × २४ = ८७६० तास भरायचे आहेत. एक शिपाई वर्षात किती दिवस मिळतो? समजा साप्ताहिक सुट्या ५२, किरकोळ रजा १२, अर्जित रजा २०, आजारपण ६, प्रशिक्षण आणि कवायत १०. उरले २६५ दिवस. शिवाय बाहेरगावचा बंदोबस्त असतो. गणेशोत्सव, दुर्गापूजा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा अशा वेळी ठाण्यातली माणसे दुसरीकडे जातात. त्याचे २५ दिवस धरले की उरतात २४०. गुणिले आठ, म्हणजे १९२० तास. ८७६० भागिले १९२० = ४.५६. एका जागेला साडेचारहून अधिक माणसे. या संख्येला आपण बदली गुणक म्हणू. (वरचे दिवस मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या राज्याचे नियम पाहून ते बदला.)

हा गुणक आता समजा ४५ जण प्रत्यक्ष हजर असलेल्या ठाण्याला लावू. चोवीस तासांच्या जागा सहा : ठाणे अंमलदार, वायरलेस आणि संगणक, कोठडीचा पहारा, ११२ च्या गाडीवर चालक आणि एक शिपाई, आणि एक महिला पोलीस. ६ × ४.५६ म्हणजे २८ माणसे. कोर्टाचे काम, समन्स-वॉरंट बजावणी, मुद्देमाल, बारनिशी अशा दिवसाच्या कामांना सहा. चार बीट, प्रत्येकी दोघे, म्हणजे आठ. बेरीज ४२. गुन्ह्यांच्या तपासाला उरले तिघे.

म्हणून प्रत्यक्षात काय होते? पाळी बारा तासांची होते. गुणक ३.०४ वर येतो आणि त्याच सहा जागा १९ माणसांत भागतात. कागदावर नऊ माणसे वाचली. ती कुठून आली, हे विचारायला हवे. ती शिपायाच्या झोपेतून आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या अभ्यासात ठाण्यांमधील जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून जास्त काम करताना आढळले होते. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो याच पार्श्वभूमीवर.

महिला पोलिसांची जागा वेगळी मोजावी लागते. हा मुद्दा विद्यार्थी नेहमी वगळतात. महिलेची अटक, झडती, लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचा जबाब ही कामे पुरुष शिपायाकडे वळवता येत नाहीत. एक महिला पोलीस सदैव हजर हवी, तर गुणकाप्रमाणे पाच हव्यात. ठाण्यात तिघी असतील आणि त्यांतली एक प्रसूती रजेवर गेली, तर रात्री आलेल्या बाईला शेजारच्या ठाण्यातून कुणी येईपर्यंत बाकावर बसून राहावे लागते. एकूण संख्या पुरेशी असूनही हे घडते.

तपासाचे नुकसान लगेच दिसत नाही. आरोपी कोठडीत असताना ६० किंवा ९० दिवसांत (गुन्ह्याच्या स्वरूपानुसार) दोषारोपपत्र गेले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तपास अधिकारी पंधरा दिवस बंदोबस्तात असला तरी ही मुदत थांबत नाही. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करायला सांगितले. पण सुरुवात दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून, आणि लहान शहरांत हळूहळू. आपले ठाणे त्या रांगेत शेवटी येते. तरीही माझ्या मते ठाणेदाराने निदान दोन तपासी माणसे बंदोबस्ताच्या यादीबाहेर ठेवावीत. बाकी यादी त्यानंतर लिहावी.

आता देखरेख. तिलाही वेळ लागतो, आणि तो बहुतेक तक्त्यांत कुठेच धरलेला नसतो. प्रत्येक पाळीला एक फौजदार दर्जाचा अधिकारी द्यायचा म्हटले, तर ती सातवी चोवीस तासांची जागा झाली, आणि एवढे अधिकारी छोट्या ठाण्यात नसतात. त्यामुळे एकच रात्रगस्त अधिकारी आळीपाळीने चार-पाच ठाण्यांना भेट देतो. एवढ्याशा भेटीचा उपयोग तिच्या वेळेवर ठरतो. साहेब रोज एक वाजता येतात हे कळले, की सव्वा वाजता पहारा सैल पडतो. नमुना तपासणीत आपण यादृच्छिक संख्या वापरतो, तशाच इथे वापराव्यात. भेटीची वेळ आणि ठाण्यांचा क्रम दोन्ही चिठ्ठ्या टाकून ठरवावेत. कोठडीजवळच्या पाहणीत तर कसूर चालणारच नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. पण कॅमेरा फक्त चित्रण करतो. चित्रण पाहायला आणि आत कुणाला छातीत दुखू लागले तर कुलूप उघडायला जागा माणूसच लागतो.

सरावासाठी : वरच्या ठाण्यात दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो आणि दुपारी दोन ते रात्री आठ या वेळात ११२ वर येणारे कॉल तिप्पट होतात, असे समजा. माणसे ४५ च आहेत. दुपारच्या आणि संध्याकाळच्या पाळीत चार तासांची सरमिसळ ठेवून गुरुवारचा तक्ता तयार करा. कोणाची साप्ताहिक सुट्टी हलवली आणि ती परत कोणत्या दिवशी दिली, हे त्यात लिहा. सुट्टी परत दिलेली नसेल, तर तक्ता अपूर्ण समजला जाईल.