पक्कं काय, मोकळं काय

शेंगेन व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याकडून दिवसवार कार्यक्रम मागितला जातो. कोणत्या तारखेला कोणत्या गावात, रात्री मुक्काम कुठे, एका गावाहून दुसऱ्या गावी कशानं जाणार. सोबत परतीचं विमान, हॉटेलांची बुकिंगं, किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा, परत निघण्याच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालेल असा पासपोर्ट आणि त्यात 2 कोरी पानं. अर्ज प्रवासाच्या 6 महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत आणि निघायला 15 दिवस उरेपर्यंत थांबून चालत नाही. जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो फी पडते आणि व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही.

आमच्या इटलीच्या बेतासाठी ही यादी मी मैत्रिणीसमोर ठेवली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे ऑक्टोबरात मला कुठे थांबावंसं वाटेल, हे मी आत्ता एप्रिलमध्ये सांगायचं?"

तिचा प्रश्न मनापासून होता. तिच्याबरोबर मी हंपीला गेले आहे, कोकणात हिंडले आहे. गावात पोचली की ती पिशवी टाकते आणि पायी निघते. एखादा घाट, एखादी चहाची टपरी आवडली की दुपार तिथेच जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाते, तिसऱ्या दिवशी टपरीवाला तिला नावानं ओळखतो. मी निराळी. मला चित्रं आणि शिल्पं बघायची असतात, त्यांच्यासाठी मी पहाटे उठते, रांगेत उभी राहते. एखादं दालन बंद असेल तर ते कधी उघडतं हे मला चार महिने आधी ठाऊक असतं. मीना प्रभूंचं 'रोमराज्य' दोघींनी वाचलं आहे. माझ्या प्रतीत चर्चची आणि संग्रहालयांची नावं अधोरेखित आहेत, तिच्या प्रतीत चौकांची आणि गल्ल्यांची.

आपल्याकडे परदेश म्हटलं की ग्रुप टूर, ही सवय आता चांगली रुजली आहे आणि तिच्यात एक मोठी सोय आहे. दोन माणसांच्या सवयी जुळत नसल्या तरी निर्णय तिसराच माणूस घेतो. सकाळी साडेसातला बस सुटणार म्हणजे सुटणार. स्वतःचं स्वतः जायचं ठरवलं की तो टूर मॅनेजर जातो आणि त्याचं सगळं काम दोघींच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडतं. अशा वेळी लोक बहुतेक वाटणी करतात: एक दिवस तुझा, एक दिवस माझा. मला हा मार्ग पटत नाही. त्यात प्रत्येकीला अर्धी सहल मिळते आणि उरलेल्या अर्ध्यात ती दुसरीच्या मागे फरफटते. आम्ही आवडीनिवडी बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारला: हे आज पक्कं केलं नाही तर काय बिघडेल? इटलीपुरतं तरी या प्रश्नाला फार स्पष्ट उत्तरं मिळतात, कारण तो देशच दोन तऱ्हांनी चालतो.

पहिली तऱ्हा मिलानमध्ये दिसते. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. आत छोट्या गटानं सोडतात, ठरलेल्या वेळी, 15 मिनिटांसाठी. तिकिटं काही महिन्यांची एकदम विक्रीला येतात आणि लगेच संपतात. मैत्रिणीनं विचारलं, "पंधरा मिनिटांसाठी एवढं आधी?" उत्तर द्यायचं म्हणून मी तिला त्या भिंतीची गोष्ट सांगितली. ओल्या गिलाव्यावर रंग द्यायची पद्धत असते, त्यात रंग भिंतीत मुरतो. पण ओला गिलावा वाळायच्या आत हात उरकावा लागतो. लिओनार्दोला थांबून, पुन्हा पुन्हा परतून काम करायचं होतं, म्हणून 1495 च्या सुमारास त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवायला घेतलं. ते चित्र त्याच्या हयातीतच पोपडे धरू लागलं. अलीकडचं जतनकाम 1978 मध्ये सुरू झालं आणि 1999 मध्ये संपलं. माणसांच्या श्वासातली आर्द्रता आणि कपड्यांवरची धूळसुद्धा त्या भिंतीला सोसत नाही, म्हणून बंद दारांच्या खोल्यांमधून जात जात आत पोचायचं. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग ठीक आहे. घे माझंही." वेळेचं बंधन कशासाठी आहे हे कळलं की तिला ते जाचत नाही. नुसती घाई असेल तर जाचतं. हा फरक मला त्या संध्याकाळी कळला आणि पुढचं बरंच काम त्यामुळे सोपं झालं.

पक्क्या यादीत मग थोड्याच गोष्टी राहिल्या. रोममधली बोर्गेझे गॅलरी, कारण तिथे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय प्रवेश नाही आणि दोन तासांनी बाहेर पडावं लागतं. बेर्निनीच्या दाफ्नीची बोटं संगमरवरात पानं होताना बघायची तर दुसरी वाट नाही. कोलोसियम, कारण त्याची तिकिटं 30 दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर नाव घालावं लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं, कारण ती रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि मोफत असतो आणि त्या दिवशी लोक लोटतात. फ्लोरेन्सचं उफ्फित्सी संग्रहालय.

गाड्यांमध्ये तर दोन्ही स्वभावांची सोय शेजारी शेजारी केलेली आहे. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं चढत जातं. आधी घेतलं तर स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकीट नंतर बदलता येत नाही. उलट गावोगाव थांबणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं. आज घ्या की गाडी यायच्या दहा मिनिटं आधी घ्या, पैसे तेवढेच. आसन राखीव नसतं. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो. मी वेगवान गाड्या माझ्याकडे घेतल्या आणि प्रादेशिक गाड्या तिच्याकडे दिल्या. त्या ती आयत्या वेळी ठरवणार आणि त्यात आमचं काहीच नुकसान नाही.

संपाचा विचार मात्र दोघींनी मिळून केला. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत काही गाड्या चालवणं बंधनकारक असतं. म्हणून गाव बदलायचा प्रवास शक्यतो या वेळांत बसवला. माझ्यासारखीला ही माहिती धीर देते. ती म्हणाली, "संप झाला तर आपण आहोत तिथेच राहू." हेही एक उत्तरच आहे आणि ते बेतात असायला हवं: कोणता मुक्काम एका रात्रीनं वाढला तरी पुढचं काही कोसळणार नाही, हे आम्ही बघून ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गावांच्या यादीवर. माझ्या कागदावर मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, सिएना, रोम आणि नेपल्स होतं. तिनं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक दोन गावांच्या मधे एक आडवी रेघ मारली. "हा अर्धा दिवस," ती प्रत्येक रेघेवर बोट ठेवून म्हणत गेली. तिचा हिशेब अचूक होता. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढच्या गावी दुपारी दोन-तीनपर्यंत खोली मिळत नाही, मधल्या वेळात बॅगा ओढायच्या किंवा कुठेतरी पैसे देऊन ठेवायच्या. ज्या दिवशी गाव बदलतं त्या दिवशी माणूस फक्त सामान सांभाळतो. मी दिवस मोजत होते आणि ती दिवसांच्या आतला वेळ मोजत होती. योजना न करणाऱ्या माणसाला वेळेची किंमत नसते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तिला वेळेची किंमत माझ्याइतकीच आहे, ती फक्त दुसऱ्या नाण्यात मोजते.

बोलोन्या हे नाव तिनं काढलं. ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं. तिनं तिथल्या एका कमानींच्या वाटेबद्दल वाचलं होतं. गावाच्या वेशीपासून टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत सुमारे 3.8 किलोमीटर लांब छपराची वाट, 666 कमानींची. वर मेरीमातेचं एक जुनं चित्र आहे, ते दरवर्षी वाजतगाजत गावात आणतात. "पालखी भिजू नये म्हणून लोकांनी एवढं छप्पर बांधलं," ती म्हणाली, "मला ते चालत चढायचंय. सावकाश." बोलोन्याच्या अशा छपरी वाटा 2021 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. इटलीची दुसरी तऱ्हा ती ही: तिथे तिकीट नाही, वेळ नाही, बुकिंग नाही.

मी नकाशा उघडला आणि मलाही ते गाव हवंसं वाटू लागलं, अगदी वेगळ्या कारणानं. बोलोन्याहून फ्लोरेन्स वेगवान गाडीनं 40 मिनिटांच्या आत. फेरारा आणि मोदेना त्याहूनही जवळ, प्रादेशिक गाडीनं. रावेन्ना साधारण तासा-सव्वा तासावर, जिथे सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातली जस्टिनियन आणि थिओडोरा यांची मोझाइकं आहेत आणि गाल्ला प्लाचिदियाच्या छोट्या समाधीचं निळं छत आहे. मी सकाळी सातला निघून उफ्फित्सी बघून संध्याकाळी परत येऊ शकते. ती नऊला उठून त्याच चौकात तिसऱ्यांदा कॉफी पिऊ शकते. एकाच खोलीच्या किल्लीवर दोन सहली चालतात. आमच्या बेताचा कणा असा ठरला: मिलानला उतरायचं, बोलोन्यात लांब मुक्काम, शेवटी रोम आणि तिथूनच परत. व्हेनिस आणि नेपल्स गळली. व्हेनिस सोडताना मला वाईट वाटलं, ते मी तिला सांगितलं आणि तिनं ते ऐकून घेतलं. पण यादीत ते परत आलं नाही.

पैशाचं बोलणं आपल्याकडे मैत्रीत अवघड जातं, म्हणून ते आम्ही सरळ आधी उरकलं. खोली, गाड्या, हॉटेलात दर रात्री माणशी द्यावा लागणारा शहरकर, किराणा हे एका पाकिटातून. संग्रहालयं आणि खरेदी आपापली. मी रोज तिकिटांवर खर्च करणार आणि ती करणार नाही, तेव्हा ते अर्धं अर्धं करणं अन्यायाचं झालं असतं. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून प्यायली तर महाग. बसायचे पैसे ती आनंदानं देते, कारण तिच्या लेखी तेच तिचं संग्रहालय आहे.

खाण्याचा प्रश्न दोघींचा एकच होता, दोघी शाकाहारी. बोलोन्यात तोर्तेल्लिनी हा पास्ता मांसाच्या रश्शात येतो, पियादिना या पोळीच्या कणकेत पूर्वापार डुकराची चरबी असते (ऑलिव्ह तेलाचीही मिळते, पण विचारावं लागतं) आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं लावतात. तेव्हा काय चालेल, काय नाही, ही रेघ घरीच आखून घेतली. शिवाय तिथली स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आत क्वचित उघडतात. दिवसभर दोन दिशांना असलेल्या दोघींना या वेळेनंच एकत्र आणलं: रात्रीचं जेवण बरोबर, रोज. तेवढी एक वेळ दोघींनीही मोडायची नाही.

उरलेल्या वेळेसाठी काही साधे नियम केले. दोघींची सिमकार्डं वेगळी. हॉटेलचा पत्ता दोघींच्या पर्समध्ये कागदावर. फोन बंद पडला तर बोलोन्यात नेपच्यूनच्या कारंज्यापाशी, सात वाजता. "आज मला एकटीला फिरायचंय" असं म्हटलं तर कारण विचारायचं नाही. हा शेवटचा नियम तिनं मागितला होता. गेले काही आठवडे तो मला सगळ्यात जास्त उपयोगाचा वाटतो आहे.

व्हिसाच्या कागदावर आता दर दिवसापुढे गाव आहे, मुक्काम आहे आणि तो खरा आहे. त्या गावात दिवसभर काय करायचं, हा रकाना मागितलेलाच नसतो, त्यामुळे बोलोन्यापुढच्या बऱ्याच चौकटींत फक्त "बोलोन्या" एवढंच लिहिलं आहे.

तुम्ही इटलीचा बेत अशाच कुणाबरोबर करणार असाल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवरचे सोमवार शोधून काढा. 'शेवटचं भोजन', बोर्गेझे, उफ्फित्सी, फ्लोरेन्सची अकादेमिया, सगळं सोमवारी बंद असतं. ते दिवस मोकळ्या स्वभावाच्या जोडीदाराला आधी देऊन टाका, त्या दिवसांची गावं त्यालाच निवडू द्या आणि बाकीच्या वारांचं मगच बोला.