नाल, परतावा आणि बक्षीस : यांत्रिक जुगारातील तीन शब्दांचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात अर्थपरिवर्तनाचे प्रकरण चालू असता पनवेल परिसरातील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्याचे वडीलबंधू बोटीवर नोकरीस असून, एका परदेशी बंदरातील जुगारगृहात ते यंत्रावर पत्त्यांचा पोकर हा खेळ खेळत असत. घरी परतताना त्यांनी सोबत एक सदस्यपत्र आणले. त्यावर हजारो ‘गुण’ जमा होते. मात्र वर्षाच्या पगारातील शिल्लक बव्हंशी संपलेली होती. “त्या यंत्राचा परतावा सत्त्याण्णव टक्के आहे असे बंधू सांगतात, आणि शिवाय बक्षिसेही मिळाली म्हणतात, मग पैसे गेले कोठे?” असा विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

वरकरणी हा प्रश्न गणिताचा आहे आणि त्याचे उत्तर गणितात मिळतेही. परंतु बंधूंची फसगत अंकांनी केलेली नाही. अंक खरेच होते. ती ‘परतावा’ आणि ‘बक्षीस’ या शब्दांनी केली. म्हणून हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. शिवाय तो दूरचा नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून निघून कोकणातून गोव्याकडे उतरतो, आणि त्या वाटेच्या टोकाशी, पणजी येथे मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवर जुगारगृहे चालतात. १९७६ च्या तेथील जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत खेळयंत्रांस वाट मिळाली. जहाजांवरील टेबलांचे खेळ त्यानंतर आले.

२. ‘नाल’ : उघड्यावरचा वाटा

जुगाराच्या अड्ड्यावर तीनपत्तीचा डाव चालू असता जागेचा मालक प्रत्येक डावातून जो वाटा काढून घेतो त्यास ‘नाल’ म्हणतात. ‘नाल काढणे’ हा वाक्प्रचार खेळणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. या शब्दाचे वैशिष्ट्य असे की तो घेणाऱ्याची क्रिया स्पष्टपणे दाखवितो. पैसे कोणाच्या ढिगातून निघाले व कोणाच्या खिशात गेले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. त्यामुळे त्यास स्वतंत्र आणि निःसंदिग्ध नाव आहे.

ही वस्तू प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील विसाव्या अध्यायात द्यूताचा विचार आला असून, जिंकलेल्या द्रव्यातून द्यूताध्यक्षाने शेकडा पाच घ्यावेत असे तेथे सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर फासे व कवड्या यांचे भाडे, आणि पाणी व जागा यांचे मूल्यही त्याने वेगळे घ्यावे अशी व्यवस्था आहे. पाण्याचेही मूल्य घ्यावे हा तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे; पुढे त्याचा उपयोग होईल. धर्मशास्त्रात व नाटकांत द्यूतगृहाच्या चालकास ‘सभिक’ अशी संज्ञा आहे. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकात माथुर हा सभिक दहा सुवर्णांच्या वसुलीसाठी संवाहकाचा रस्त्यातून पाठलाग करतो. घेणाऱ्याला नाव आहे, चेहरा आहे, आणि त्याच्या घेण्याला दर आहे.

विसाव्या शतकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याने या व्यवहारात एक बदल केला. तेथे कोणी नाल काढीत नाही. शून्य ते नऊ या दहा अंकांपैकी एकावर १० रुपये लाविल्यास, तो अंक आला तर प्रचलित दराने ९० रुपये मिळतात. दहा शक्यता असताना नऊपटच रक्कम दिली जाते. म्हणजे शेकडा दहा रुपये चालकाकडे राहतात. वाटा तोच, किंबहुना कौटिल्याच्या दुप्पट. परंतु तो आता ‘दरा’त लपला आहे. ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘जोडी’, ‘पाना’ अशी मटक्याची परिभाषा विपुल आहे, तथापि तिच्या या नित्याच्या शब्दांत या वाट्याचा वाचक असा एकही नाही. वाटा दिसेनासा झाला की त्याचे नावही वापरातून जाते, असे येथे दिसते.

३. ‘परतावा’ : एका शब्दाचे तीन अर्थ

यांत्रिक पोकरात हीच प्रक्रिया पूर्णत्वास गेली. हे यंत्र १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रचारात आले. पडद्यावर पाच पाने येतात. खेळणाऱ्याने त्यांतील हवी ती ठेवावीत व उरलेली बदलावीत. ठेवण्या-टाकण्याचे एकूण ३२ प्रकार संभवतात. शेवटी जो हात बनेल त्याचे मोल यंत्राच्या दर्शनी भागावर छापलेल्या दरपत्रकानुसार मिळते. नेव्हाडा राज्याच्या नियमांप्रमाणे अशा यंत्रात प्रत्येक पान येण्याची संभाव्यता खऱ्या ५२ पानांच्या जोडाइतकीच असावी लागते. त्यामुळे दरपत्रक वाचून त्या यंत्राचा ‘परतावा’ नेमका काढता येतो.

या खेळाचा सर्वपरिचित प्रकार असा, की त्यात गुलामाची किंवा त्याहून वरच्या पानाची जोडी आली तरच मोल मिळू लागते. उत्तम समजल्या जाणाऱ्या दरपत्रकात ‘फुल हाउस’ला, म्हणजे तीन समान व दोन समान पानांच्या हाताला, नऊपट आणि ‘फ्लश’ला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, सहापट रक्कम मिळते. जास्तीत जास्त नाणी लावून निर्दोष खेळल्यास या यंत्राचा परतावा ९९.५४ टक्के भरतो. त्याच यंत्रावर नवाचे आठ आणि सहाचे पाच केले, बाकी सर्व जसेच्या तसे ठेवले, तर परतावा ९७.३० टक्क्यांवर येतो. सहा आणि पाच असे दर असतील तर तो सुमारे ९५ टक्के होतो. पाने तीच, पडदा तोच. केवळ दोन अंक बदलले.

आता शब्दाकडे वळू. ‘परतणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेला ‘परतावा’ हा शब्द आजच्या मराठीत किमान तीन अर्थांनी चालतो. आयकराचा परतावा म्हणजे जादा भरलेली रक्कम परत मिळणे. येथे आपलेच पैसे आपणांस मिळतात. गुंतवणुकीवर बारा टक्के परतावा म्हणजे मुद्दल शाबूत राहून तीवर बारा टक्के वाढ. येथे शंभराचे एकशेबारा होतात. यंत्राचा सत्त्याण्णव टक्के परतावा याचा अर्थ मात्र शंभरांतील सत्त्याण्णव परत येतात, म्हणजे तीन जातात. दुसऱ्या अर्थाने मोठा आकडा म्हणजे मोठा लाभ. तिसऱ्या अर्थाने शंभराच्या आतील कोणताही आकडा म्हणजे तोटाच. बँकेच्या व म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींनी दुसरा अर्थ कानास इतका सवयीचा केला आहे की, ‘सत्त्याण्णव टक्के परतावा’ ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात लाभाचीच छटा उमटते.

यापेक्षाही सूक्ष्म असा दुसरा दोष त्या शब्दप्रयोगात आहे. ‘परतावा’ या शब्दास ‘कशावर’ आणि ‘किती वेळा’ या दोन आकांक्षा असतात. बँकेच्या व्यवहारात ‘ठेवीवर, दरसाल’ अशी त्यांची पूर्ती होते. यंत्राच्या बाबतीत ती पूर्ती ‘लाविलेल्या रकमेवर, दर डावास’ अशी आहे. पण ती कोणी उच्चारीत नाही. हा अध्याहार जेथे आहे तेथेच सर्व मर्म आहे. समजा, १००० रुपये घेऊन एक मनुष्य ९७.३० टक्के परताव्याच्या यंत्रापुढे बसला. सर्व रक्कम एकदा लावून झाली की सरासरीने ९७३ रुपये उरतील. तेच पुन्हा लाविले की सुमारे ९४७. याप्रमाणे ती रक्कम शंभर वेळा फिरली की सरासरीने ६५ रुपयेच उरतात. परतावा शेवटपर्यंत सत्त्याण्णव टक्केच होता, आणि खिसाही रिकामा झाला. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे होय.

‘जिंकणे’ या शब्दाचीही तीच गत आहे. वर सांगितलेल्या उत्तम यंत्रावर शंभरांपैकी सुमारे ४५ डावांत काही ना काही मिळते. परंतु त्यांपैकी २१ डावांत केवळ एक जोडी असते आणि लाविलेली रक्कम तेवढीच परत येते. यंत्र मात्र त्यासही विजय मानून गणना करते. उलटपक्षी, ‘रॉयल फ्लश’ हा सर्वश्रेष्ठ हात सरासरीने सुमारे ४० हजार डावांत एकदा येतो, आणि ९९.५४ पैकी जवळजवळ दोन टक्के त्या एका हाताचे असतात. तो येईपर्यंत खेळणाऱ्याच्या अनुभवास येणारा परतावा साडेसत्त्याण्णवच्याच आसपास असतो.

४. ‘बक्षीस’ : विनामूल्य या कल्पनेचे मूल्य

उरलेले अर्धे उत्तर सदस्यपत्रात आहे. ते यंत्रात घातले की प्रत्येक डावात लाविलेल्या रकमेची नोंद होते आणि त्या प्रमाणात गुण जमा होतात. गुणांच्या बदल्यात रोख रक्कम, भोजन किंवा खोली मिळते. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, गुण मिळतात ते जिंकल्याबद्दल नव्हे, हरल्याबद्दलही नव्हे, केवळ लाविल्याबद्दल. म्हणूनच ते हजारोंनी जमतात.

उदाहरणार्थ, ताशी ६०० डाव आणि दर डावास ५० रुपये धरल्यास तासाभरात ३०,००० रुपये लाविले जातात. बक्षिसाचा दर पाव टक्का मानल्यास तासास ७५ रुपयांचे गुण होतील. नऊ-सहाच्या यंत्रावर सरासरी तोटा १३८ रुपये असल्याने निम्म्याहून अधिक भरपाई होते. आठ-पाचच्या यंत्रावर तोटा ८१० रुपये आहे; तेथे ७५ रुपये मिळूनही ७३५ जातात. चार तास खेळून ३०० रुपयांचे ‘मोफत’ जेवण जेवणाऱ्याने त्यासाठी सरासरीने ३,२४० रुपये मोजलेले असतात. दरपत्रकातील दोन अंक हे बक्षिसापेक्षा कितीतरी अधिक बलवान आहेत. पण अंक मुकाट असतात आणि बक्षीस बोलते.

निष्पक्षपातीपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, काही थोड्या यंत्रांचा परतावा शंभराहून अधिक असे. ज्यात दुरीस वाटेल त्या पानाची जागा घेता येते त्या प्रकाराच्या पूर्ण दरपत्रकावर तो १००.७६ टक्के भरतो. उत्तम दरपत्रकास दुप्पट-तिप्पट गुणांची जोड मिळाली तरी तोटा भरून निघू शकतो. ही गणिते पाठ करून काटेकोर खेळणारे लोक अमेरिकेत आहेत. परंतु तो एक कष्टाचा आणि अत्यल्प वेतनाचा व्यवसाय होय. त्यास करमणूक म्हणता येत नाही.

‘बक्षीस’ हा फारसीतून आलेला शब्द. वरिष्ठाने प्रसन्न होऊन दिलेले, मागण्याचा हक्क नसलेले देणे, ही त्याची मूळ छटा. आपल्या दस्तऐवजांतील ‘बक्षीसपत्र’ या शब्दातही हाच गाभा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे मोबदल्यावाचून दिलेले ते दान होय. या कसोटीवर जुगारगृहाची बक्षिसे उतरत नाहीत. लाविलेल्या रकमेच्या ठराविक प्रमाणात जे मिळते ते व्यापारी भाषेत ‘सूट’ ठरते. नालेतून काही भाग परत करणे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ‘सूट’ म्हटले की ‘कशातून सूट?’ हा प्रश्न लगेच उद्भवतो आणि नाल उघडी पडते. ‘बक्षीस’ म्हटले की असा प्रश्न पडत नाही. उलट घेणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना निर्माण होते आणि उपकार फेडण्यासाठी तो पुन्हा येतो. कौटिल्याच्या द्यूतगृहात पाण्याचे मूल्य वेगळे घेतले जाई. आज पेय ‘मोफत’ मिळते. त्या जुन्या हिशेबात अधिक प्रामाणिकपणा होता असे म्हणावयास हरकत नाही.

नताशा डाउ शुल या मानवशास्त्रज्ञ विदुषीने लास वेगास येथील यंत्रजुगाराचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भेटणारे कित्येक जण सांगतात की, आपण जिंकण्यासाठी खेळत नाही. खेळ चालू राहावा म्हणून खेळतो. ज्याची भूक खेळ चालू राहण्याची आहे त्यास, लाविल्याबद्दल गुण देणारी पद्धत नेमके तेच खाद्य पुरविते.

५. उपसंहार

आपल्या कायद्याने मात्र ‘नाल’ या कल्पनेचे भान सोडलेले नाही. १८८७ च्या मुंबई जुगारप्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जुगारगृहाची व्याख्या करताना, जागा वा साधने बाळगणाऱ्यास होणारा नफा हे एक गमक मानले आहे. १९६७ साली सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. तथापि क्लबचा चालक पैशाच्या खेळातून नफा काढीत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल, असेही नमूद केले. महाराष्ट्रात जुगारगृहांच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा १९७६ चा कायदा कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्द झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली. कायदे येतील व जातील. शब्द मात्र सीमा ओलांडून घरात येतात, जसे ते त्या सदस्यपत्रासोबत आले.

म्हणून विद्यार्थ्यास दिलेले उत्तर येथे नोंदवून हा लेख पुरा करतो. ‘परतावा’ हा शब्द ऐकला की कशावर आणि किती वेळा, हे विचारावे. ‘बक्षीस’ हा शब्द ऐकला की त्याच्या जागी ‘सूट’ हा शब्द घालून वाक्य पुन्हा वाचावे. आणि ज्या खेळात नालेसाठी शब्दच उरलेला नाही, तेथे नाल नाही असे न समजता ती कोठे दडली आहे याचा शोध घ्यावा. विद्यार्थ्याने हे टिपून घेतले आणि बंधू पुढील फेरीवर निघण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवीन असे सांगितले.