एक चाक चिखलात, दुसरं ढिम्म

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचं एक चाक चिखलात गरगरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं हलत नाही. सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे गेली, असं बहुतेकांना वाटतं. दिसतंही तसंच. प्रत्यक्षात साधा डिफरन्शियल (वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारी दात्यांची जोडणी) दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. कावड आठवा: एका टोकाला घागर रिकामी असेल, तर दुसऱ्या टोकालाही भरलेली लावता येत नाही. चिखलातलं चाक जवळपास विरोधच करत नाही, म्हणून कोरड्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो.

पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये गाड्यांत आणलेला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल इथे मुद्दाम घर्षण घालतो. क्लचच्या चकत्या एका चाकाला दुसऱ्याच्या फार पुढे पळू देत नाहीत. मात्र तो दोन्ही चाकं पूर्ण जखडत नाही. ते काम लॉकिंग डिफरन्शियलचं.

जुन्या अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप बसवताना क्राउन-पिनियन (डिफरन्शियल फिरवणारी दात्यांची जोडी) बहुधा तेच राहतात, पण बॅकलॅश (दात्यांमधली फट) शिम (पातळ चकत्या) घालून पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर अ‍ॅक्सल रडतो. हाफ शाफ्टच्या (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) खाचा नव्या डिफरन्शियलशी जुळतात का, हे आधी मोजून पाहावं. तेलही अशा चकत्यांना चालणारं हवं. आणि यापुढे एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये: जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलू शकतं.