तीस दिवसांची बाटली

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीजवळ खडीच्या डंपरमागे गाडी अडकली की काचेवर कधी ‘टक्’ वाजेल याचा नेम नसतो. त्या रस्त्यालगत गाड्यांच्या काचांचा एक गाळा आहे. तिथल्या कारागिराला काच चिकटवण्याआधी लावायच्या प्राइमरची निम्मी भरलेली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकताना मी पाहिलं. मालक शेजारीच उभा होता, आणि तो एका शब्दानेही बोलला नाही. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या धंद्यात हे कसं परवडतं, ते समजून घ्यायला मी तिथे जाऊन बसू लागले.

बाटलीवर मार्करने तारीख लिहिली होती. “झाकण उघडलं की तीस दिवस. त्यापुढे ती माझ्यासाठी रिकामीच,” कारागीर म्हणाले. गाळ्यात त्यांना सगळे मामा म्हणतात. प्राइमर हवेतला ओलावा ओढून घेतो. दिसायला तसाच काळा, वासाला तितकाच उग्र, पण पकड गेलेली. आणि समोरची काच नुसता वारा अडवत नाही. अपघातात शेजारच्या सीटपुढची एअरबॅग फुगते ती याच काचेच्या आधाराने. काच निखळली तर त्या एअरबॅगला टेकायला काही उरत नाही.

काच चिकटवायचं पॉलियुरेथेन तर हवेतल्या ओलाव्यावरच सुकतं. पावसाळ्यात लवकर धरतं, कोरड्या थंडीत वेळ लावतं. इथे ते 600 मिलीच्या लांब पाकिटात येतं. लहान गाडीला त्यातलं निम्म्याच्या आसपास लागतं, आणि उरलेलं गनमध्ये राहिलं की सकाळी नळीत दगड. म्हणून काच बदलायच्या दोन गाड्या एकाच दुपारी बोलावतात. जुनी काच तारेने कापून काढतात, जुन्या थरावर नवा त्रिकोणी पट्टा ओढतात, काच बसवतात. पट्टा बारीक ओढला तर त्याच पाकिटात तिसरी गाडीही होईल. तसं करणाऱ्याला मामा कारागीर म्हणायला तयार नाहीत, आणि मला ते पटतं.

मालकाने एकदा सवलतीला भुलून प्राइमरचा अख्खा खोका घेतला होता. बंद बाटलीलाही मुदत असते. कित्येक बाटल्या झाकण न उघडताच वाया गेल्या. आता तो महिन्यापुरत्याच, लहान बाटल्या घेतो, नग महाग पडला तरी.

खरा पैसा अडकतो तो काचेत. एकाच गाडीच्या काचा वरवर सारख्या दिसतात, पण एकीत पावसाच्या सेन्सरची जागा, दुसरीत कॅमेऱ्याची, तिसरी साधी. चुकीची आली तर महिनोन्‌महिने स्टँडवर उभी. त्यामुळे चासी नंबर हातात आल्याशिवाय विक्रेत्याला फोन जात नाही. विम्यात काचेवर घसारा धरत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला काच बदलून घेणंच सोपं वाटतं. पण कॅशलेस दाव्याचे पैसे मागाहून येतात, विक्रेत्याला मात्र लगेच द्यावे लागतात. “प्राइमरला तीस दिवस. विम्याच्या पैशावर तारीख कुणी लिहीत नाही,” मालक म्हणाला.

मामा काचेवरचा खड्याचा ठोका भरायला बसले की मात्र मी तिथून हलत नसे. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबीचा पातळ थर; खडा बहुधा बाहेरचीच काच फोडतो. ठोक्यावर इंजेक्टर बसवून मामा आधी आतली हवा ओढतात, मग दाबाने रेझिन आत ढकलतात. चिरेचे पांढरे पाय एकेक करून नाहीसे होतात. वर यूव्ही दिवा, काही मिनिटं, मग पात्याने घासून सपाट. लागलं काय, तर थोडे थेंब. वहीत ही कमाई बारीक दिसते, पण तिच्यात ना काच आणावी लागते, ना दाव्याची वाट पाहावी लागते. हा गाळा तगून आहे तो या थेंबांवर, असं माझं ठाम मत झालं आहे.

अडचण एवढीच की लोक उशिरा येतात. तोवर चिरेत धूळ आणि पाणी शिरतं, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी चीर लांबते. ठोका चालकाच्या नजरेसमोरच असेल तर मामा भरून देतच नाहीत, कारण भरल्यावरही तिथे पुसट डाग राहतो. चिरेत धूळ-पाणी शिरू नये म्हणून मालक ओळखीच्या कॅबवाल्यांना पारदर्शक चिकटपट्टीची रिळं फुकट देऊन ठेवतो. खडा लागला की कोरड्या काचेवर तुकडा लावायचा, गाडी धुवायची नाही आणि त्याच दिवशी गाळ्यावर यायचं. वहीत या रिळांचा खर्च तो काचेच्या खरेदीखालीच मांडतो.