अर्धवट कामांचं टेबल

ऑक्टोबरातली संध्याकाळ. दक्षिण इंग्लंडमधल्या एका मॉडेल इंजिनीअरिंग क्लबच्या हॉलमध्ये लांब टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली आहेत आणि त्यांवर एकही वस्तू पूर्ण झालेली नाही. गनमेटलचा सिलिंडर आहे, पिस्टन व्हायचा आहे. चाकांच्या दोन जोड्या आहेत, त्यांची चौकट अजून पत्र्यावर आखलेल्या रेघांतच आहे. एक कनेक्टिंग रॉड तर बिघडलेलाच आहे. त्याचं भोक पाव मिलिमीटर बाजूला गेलंय आणि ज्याच्या हातून ते गेलं तोच प्रत्येकाला बोलावून दाखवतोय. ड्रिल का सरकलं, आधी सेंटर ड्रिल मारलं होतं का, जॉब व्हाइसमध्ये नीट बसला होता का, यावर अर्धा तास चर्चा चालते. क्लबाच्या वर्षाची सुरुवात अशी होते.

ब्रिटनमध्ये असे क्लब गावोगावी आहेत. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली या विषयाचं मासिक सुरू केलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मॉडेल इंजिनीअरांची संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. हिवाळ्यात व्याख्यानं, उन्हाळ्यात सहली आणि रुळांवर गाड्या, हा सगळीकडचा शिरस्ता.

‘मॉडेल’ या शब्दामुळे मात्र गैरसमज होतो. काचेच्या कपाटातली शोभेची गाडी इथे अभिप्रेत नाही. ब्रिटिश रेल्वेचे रूळ एकमेकांपासून ४ फूट साडेआठ इंचांवर असतात. क्लबात लोकप्रिय असलेलं माप ५ इंचांचं, म्हणजे सव्वाअकरा पटींहून किंचित जास्तच लहान. लांबी इतकी घटली की वजन तिच्या घनानं घटतं. १०० टनांचं इंजिन सुमारे ७० किलोंवर येतं आणि दोघे मिळून ते उचलून मोटारीत ठेवू शकतात. दाब मात्र तसा घटत नाही. छोट्या बॉयलरमधली दर चौरस इंचाला ८० पौंड दाबाची वाफ ही ८० पौंडांचीच वाफ असते. हात भाजायचा तो तितकाच भाजतो. म्हणून इथे खेळण्याची सवलत कुणालाच नाही.

इतकं छोटं इंजिन खऱ्या कोळशावर माणसं ओढेल, यावर एके काळी जाणकारांचाही विश्वास नव्हता. १९२०च्या दशकात ‘एलबीएससी’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांनी ‘आयेशा’ नावाचं अडीच इंची मापाचं इंजिन चालवून तो वाद मिटवला. त्यांचे लेख वाचून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लेथ मांडलेल्या पिढ्या पुढे आल्या.

नोव्हेंबरातलं व्याख्यान तांब्याच्या बॉयलरवर असतं आणि वर्षातली सर्वांत जास्त गर्दी त्याच संध्याकाळी होते. वक्ता बोलतो थोडं, दाखवतो जास्त. तांब्याचा पत्रा साच्यावर ठोकून वळवायचा. ठोकता ठोकता तो कडक होतो. मग लाल होईतो तापवायचा, पाण्यात बुडवायचा, की पुन्हा मऊ. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे नव्यानं सांगावं लागणार नाही. मग चांदीचा डाख. त्यात निम्म्याहून थोडी जास्त चांदी, आणि तो वितळतो ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास. तांबं वितळायला १,०८५ अंश लागतात. ही मधली जागा हीच कारागिराची सुरक्षित वाट. सांध्याला फ्लक्स लावतात. आपला सोनार टाकणखार लावतो तो याच कामासाठी. वक्ता हॉलचे दिवे मंद करायला लावतो, कारण तांब्याचा रंग अंधारात वाचता येतो. ज्योत डाखावर धरायची नाही, कामावर धरायची. तांबं मंद लाल झालं की तो डाखाची काडी सांध्याला नुसती टेकवतो आणि चकाकती रेघ कागदाएवढ्या फटीतून सरसर आत शिरते, पलीकडच्या बाजूला बाहेर पडते. पलीकडे ती दिसली नाही तर सांधा कच्चा. पहिल्या रांगेतली मुलगी विचारते, बॉयलरच्या तोंडांना पितळेऐवजी ब्राँझ का? गरम पाण्यात पितळेतलं जस्त झिजत जातं आणि आटे ठिसूळ होतात, हे उत्तर ती वहीत टिपून घेते.

मार्चमध्ये परीक्षा. नवा बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरतात, आतली हवा पूर्ण काढून टाकतात आणि हातपंपानं नेहमीच्या कामाच्या दुप्पट दाब चढवतात. पाणीच का? पाणी दाबलं जात नाही. सांधा सुटलाच तर काटा खाली येतो, स्फोट होत नाही. तपासनीस क्लबचाच सभासद असतो, पण त्या दिवशी तो कुणाचा मित्र नसतो. विजेरी घेऊन तो एकेक सांधा पाहतो, बोट फिरवून ओल शोधतो. पुढे वाफेची चाचणी: भट्टी पूर्ण धगधगती ठेवूनही सेफ्टी व्हॉल्व्हनं दाब ठरल्या मर्यादेच्या १० टक्क्यांहून वर जाऊ द्यायचा नाही. पास झालं तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच इंजिन लोकांसमोर रुळांवर.

उन्हाळ्यात सहली. लंडनच्या पूर्वेला क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन १८६५ साली सुरू झालं. शहराचं सांडपाणी उपसण्यासाठी जोसेफ बझलजेट यांनी ते उभारलं. तिथल्या चार बीम इंजिनांपैकी ‘प्रिन्स कॉन्सर्ट’ स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गंज खरवडून काढून २००३ साली पुन्हा वाफेवर चालवलं. त्याचा बीम ४७ टनांचा, फ्लायव्हील ५२ टनांचं. घरी बोटभर पिस्टन घासणारे सभासद इथे मान वर करून उभे राहतात. एवढा प्रचंड सांगाडा जवळपास आवाज न करता फिरतो, हे पाहून परतलेला माणूस आपल्या छोट्या इंजिनाचे बेअरिंग पुन्हा तपासतो. खरी सहल ती हीच, असं मानायला हरकत नाही.

आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत लेथ आहेत, आयटीआयमधून शिकून आलेली मुलं आहेत, निवृत्त टर्नर-फिटर आहेत. महिन्यातून एका संध्याकाळी एक खोली उघडा, चहा ठेवा, टेबलावर वर्तमानपत्र अंथरा आणि प्रत्येकाला त्याचं बिघडलेलं काम घेऊन यायला सांगा.