गिऱ्हाईक पायीच येते
बाजारपेठेतील रस्ता, वाहने आणि व्यापाऱ्याचे हित

जुन्या पेठांतील दुकानांची बांधणी पाहिली की एक गोष्ट सहज ध्यानात येते. दुकानाची दर्शनी बाजू दहा-बारा फुटांची, ओटा रस्त्याला लागून, आणि समोरचा रस्ता इतकाच रुंद की एका बाजूच्या दुकानदाराने हाक मारली तर ती समोरच्या पेढीवर ऐकू जावी. ही रचना ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे पायी येणारे गिऱ्हाईक होते. चालता चालता नजर मालावर पडावी, पाय थांबावेत, भाव विचारला जावा आणि सौदा व्हावा, हा त्या काळातील व्यापाराचा साधा क्रम होता.

आज त्याच दर्शनी बाजूसमोर एक मोटार उभी राहते. साधारण मोटारीची लांबी तेरा-चौदा फूट असते, म्हणजे एका वाहनाने संपूर्ण दुकान झाकले जाते. मागच्या वाहनांचे भोंगे, धूर आणि धक्काबुक्की यांतून वाट काढणाऱ्या माणसाचे लक्ष मालाकडे जाणार तरी कसे? शहराचे आरोग्य, स्वच्छ हवा आणि राहणीचा दर्जा यांची चर्चा आता सर्वत्र होते. ती चर्चा व्यापारी कुटुंबांच्या दाराशी येते ती या रस्त्याच्या प्रश्नातून, आणि येथे प्रश्न नुसत्या हवेचा राहत नाही, तो रोजच्या गल्ल्याचाही होतो.

पुण्याचा लक्ष्मी रस्ता

कापड, साड्या आणि सोन्या-चांदीच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेला पुण्याचा लक्ष्मी रस्ता हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. पुण्यात २०१८ साली नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली, आणि शहराची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ३५ लाख मानली जात होती. माणसांपेक्षा वाहने अधिक झालेल्या या शहरात जुन्या पेठेतील रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबरात हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध बाके मांडली जातात, मुले खेळतात, आणि एरवी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारे वृद्ध निवांतपणे दुकाने पाहत फिरतात.

पुणेकरांना हे दृश्य अगदी अनोळखी नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि त्या दिवशी संपूर्ण रस्ता माणसांचा असतो. तथापि उत्सवाचा एक दिवस वेगळा आणि वर्षभराचा व्यवहार वेगळा, असे व्यापारी म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे.

व्यापाऱ्यांची चिंता

रस्ता वाहनांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव कोणत्याही शहरात आला की पहिला विरोध दुकानदारांकडून होतो. त्या विरोधाला प्रगतीचा विरोध म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी तालुक्याच्या गावाहून दहा-बारा माणसे दोन गाड्या करून येतात. त्यांत आजी असते, कडेवर मूल असते, आणि परतताना गाठोडी असतात. त्यांना वाहन लावण्यास जागा मिळाली नाही तर पुढच्या वेळी ती मंडळी उपनगरातील मोठ्या दालनाकडे वळतील, ही भीती निराधार नाही. सराफाच्या गिऱ्हाइकाला दागिने घेऊन गर्दीतून लांबवर चालणे नकोसे वाटते. मालाचा टेम्पो कोठे लावावा, हमालाने हातगाडी कोणत्या वेळी आणावी, हे प्रश्न रोजचे आहेत. मुख्य रस्ता बंद झाला की लगतच्या बोळांत वाहनांची कोंडी होते आणि तेथील रहिवासी त्रासून जातात, हेही खरे.

व्यापारी हा हिशेबाचा माणूस. म्हणून या चिंतांचे उत्तरही हिशेबानेच शोधले पाहिजे.

अंदाज आणि मोजणी

पहिला हिशेब गिऱ्हाईक येते कसे याचा. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात दुकानदारांना विचारले असता, सुमारे ४१ टक्के ग्राहक मोटारीने येतात असा त्यांचा अंदाज निघाला. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारले तेव्हा हे प्रमाण २२ टक्के भरले. बर्लिनमधील दोन बाजाररस्त्यांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे व्यापाऱ्यांचा अंदाज सुमारे २२ टक्के होता आणि प्रत्यक्षात मोटारीने येणारे ७ टक्क्यांच्या आसपास होते. निम्म्याहून अधिक ग्राहक तर दुकानापासून एक किलोमीटरच्या आत राहणारे होते.

युरोपातील आकडे जसेच्या तसे आपल्या पेठेला लागू होत नाहीत. येथे दुचाकी आहे, रिक्षा आहे, बस आहे. परंतु अंदाज का चुकतो, त्याचे कारण दोन्हीकडे सारखेच आहे. मोटारीने येणारे गिऱ्हाईक जागेची तक्रार करते, म्हणून ते लक्षात राहते. पायी आलेले गिऱ्हाईक गुपचूप खरेदी करून जाते.

दुसरा हिशेब जागेचा. दुकान सकाळी अकरा ते रात्री आठ, असे नऊ तास उघडे असते. खरेदीला आलेली मोटार तीन तास उभी राहिली तर दिवसभरात त्या जागेवर तीनच मोटारी लागतील आणि फार तर दहा-बारा माणसे येतील. तेवढीच जागा चालण्यास मोकळी असेल तर तेवढी माणसे काही क्षणांत दुकानावरून जातात. त्यातच, दारासमोर दिवसभर उभे असलेले वाहन पुष्कळदा दुकानाच्या मालकाचे किंवा नोकरांचे असते. गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवून ‘गिऱ्हाइकाला जागा नाही’ असे म्हणणे हिशेबात बसत नाही.

तिसरी गोष्ट मॉलची. ज्या मॉलच्या स्पर्धेची धास्ती बाजारपेठेला वाटते, त्या मॉलमध्ये दुकानापर्यंत वाहन जाते काय? वाहन तळघरात राहते आणि ग्राहक तासन् तास पायीच फिरतो. सावली, स्वच्छ जमीन, बसण्याची सोय आणि स्वच्छतागृह या चार गोष्टींमुळे त्याला ते चालणे जड वाटत नाही. पेठेत यांपैकी एकही गोष्ट बहुधा नसते.

दोन बाजारांचा अनुभव

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉयेट हा सुमारे १.१ किलोमीटरचा बाजाररस्ता १९६२ साली प्रयोग म्हणून वाहनांसाठी बंद झाला. थंड हवेच्या देशात लोक पायी फिरणार नाहीत आणि व्यापार बुडेल, अशी ओरड तेव्हा झाली होती. प्रयोग टिकला, १९६४ साली तो कायम करण्यात आला, आणि आज तो रस्ता त्या शहरातील खरेदीचे मुख्य ठिकाण आहे.

दिल्लीच्या चांदणी चौकाचा अनुभव आपल्या अधिक जवळचा आहे. शहाजहानची कन्या जहांआरा हिने सतराव्या शतकात वसविलेल्या या बाजाराच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर, दिगंबर जैन लाल मंदिर आणि त्याच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय आहे. मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत तेथे मोटारवाहनांना बंदी घालण्यात आली, सायकलरिक्षांना मुभा राहिली, आणि मालाची ने-आण रात्रीच्या वेळेत ठेवण्यात आली.

तेथील धडा दुहेरी आहे. मोकळा रस्ता मिळाल्याने जुन्या बाजाराचे रूप पुन्हा डोळ्यांना दिसू लागले. मात्र देखरेख सैल पडली तेव्हा दुचाक्या आत शिरू लागल्या, अडसराचे खांब मोडले, आणि अतिक्रमणाच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. दगडी फरसबंदी एकदाच करावी लागते, व्यवस्था मात्र रोज राखावी लागते.

घरातील माणसांचे आरोग्य

या प्रश्नाची दुसरी बाजू गल्ल्यापलीकडची आहे. पेठेतील धूर सर्वांत अधिक काळ जर कोण श्वासात घेत असेल तर तो दुकानदार, त्याचा नोकर आणि वर माडीवर राहणारे कुटुंब. गिऱ्हाईक तासाभराने निघून जाते. व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची ध्वनिमर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे, पण भोंग्यांच्या गजरात ती कोणाच्या गावीही नसते.

देशात मधुमेहाच्या रुग्णांची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले. दिवसभर गादीवर बसून होणाऱ्या व्यवसायात हा धोका अधिक असतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घर ते दुकान हे अंतर पायी जाता आले तर ती पुरी होण्यास वेगळा वेळ काढावा लागणार नाही. पण चालण्यास रस्ता सुरक्षित हवा. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ३२ हजारांहून अधिक पादचारी मृत्युमुखी पडले. मुलाला शाळेत आणि वृद्धांना मंदिरात पायी पाठविताना घरच्यांच्या मनात येणारी धाकधूक या आकड्यामागे आहे.

पेठेने काय करावे?

महापालिकेचा आदेश येण्याची वाट पाहण्यापेक्षा व्यापारी संघटनांनी स्वतः काही पावले उचलणे हिताचे आहे. पहिले पाऊल अगदी सोपे. बिल करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘कसे आलात?’ एवढेच विचारावे आणि बिलाच्या स्थळप्रतीवर पायी, बस, रिक्षा, दुचाकी किंवा मोटार अशी खूण करावी. एक महिना लग्नसराईचा आणि एक एरवीचा, असे दोन महिने ही नोंद राहिली तर पेठेजवळ स्वतःचे आकडे तयार होतील. विरोध करायचा असो वा पाठिंबा द्यायचा असो, हाती आकडे असलेल्या संघटनेचे म्हणणे प्रशासनाला ऐकावे लागते.

दुसरे, मालक आणि नोकर यांनी आपली वाहने पेठेबाहेर लावण्याचा नियम करावा. तिसरे, माल उतरविण्याची वेळ सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीची ठरवावी. चौथे, बस्त्याच्या आणि सोन्याच्या गिऱ्हाइकांसाठी काही दुकानांनी मिळून वाहनतळापासून ने-आण करणारी विजेची रिक्षा ठेवावी. तिचा खर्च वाटून घेतल्यास कोणालाही जड जाणार नाही. पाचवे, पथारीवाल्यांना हुसकावण्याऐवजी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांच्या जागा आखून घेण्याचा आग्रह धरावा, म्हणजे चालण्याची वाट मोकळी राहील आणि गरिबाची भाकरीही शाबूत राहील. सहावे, भाडेकरू दुकानदारांच्या संरक्षणाचा विषय आधीच बोलून घ्यावा, कारण रस्ता सुधारला की भाडे वाढते आणि छोटा दुकानदार उठतो.

पुण्यात भुयारी मेट्रोचे मंडई स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे उतरणारा प्रत्येक प्रवासी लक्ष्मी रस्त्याला पायीच येणार आहे. इतर शहरांतही मेट्रो आणि बस जसजशी वाढेल तसतसे असे गिऱ्हाईक वाढत जाईल. त्याला चालण्यास वाट, उन्हात सावली आणि क्षणभर बसण्यास ओटा मिळाला तर ते पेठेत रमेल. पूर्वजांनी दुकानाचा ओटा रस्त्याला लागून बांधला तो याच गिऱ्हाइकासाठी. त्याच्यापुढची जागा मोकळी करून देणे आजच्या पिढीच्या हाती आहे.